आधी जेकिल, मग गॅट्सबी, आता म्हणे ह्यूगो!

मी कुणाच्या भानगडीत पडणारी बाई नाही. पण राजोडीत राहायचं आणि कानांवर हात ठेवून राहायचं, हे दोन्ही एकदम जमत नाही. (शनिवार-रविवारी रिसॉर्टांतल्या डीजेमुळं ठेवावे लागतात, ती गोष्ट वेगळी.) तर ऐका. आमच्याच आळीतला एक मुलगा. नाव घेत नाही, राजोडीकरांना न घेता कळेल. सकाळी रिक्षानं नालासोपारा गाठणारा, तिथून उलटा विरारला जाऊन बसायची जागा पकडणारा, अंधेरीत बऱ्यापैकी नोकरी, सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नाही. असा सोन्यासारखा मुलगा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागतो म्हणून आई काळजीत. तिला वाटलं, असेल एखादी. असू दे बापडी, बरी निघाली म्हणजे झालं. एका रात्री दार लोटून पाहिलं, तर लॅपटॉपवर काळाकुट्ट पडदा आणि त्यावर अक्षरांची धार लागलेली. “कोणाशी बोलतोस रे?” तर म्हणे, “ह्यूगो आहे, आई. झोप तू.”

माउलीची झोप उडाली. हा ह्यूगो कोणी परदेशी एजंट असणार, पोराला कॅनडाला न्यायला टपलेला, अशी तिची खात्रीच पटली. सकाळी दूधवाल्याच्या आधी ती माझ्या ओट्यावर हजर.

मी चौकशी केली. करावीच लागते, शेजारधर्म आहे. तेव्हा कळलं, ह्यूगो माणूस नव्हे. तो आहे स्टॅटिक साइट जनरेटर, आणि त्याच्या जोरावर पोरगं स्वतःचा ब्लॉग उभारतंय. आणि हे एकटंच नाही हो! बोळिंजला एक सापडला, आगाशीत दोघे, नंदाखालकडची एक मुलगी तर या पंथातली जुनीजाणती निघाली. सगळा पट्टा पोखरलाय. वरून सुरूची बनं आणि केळीच्या वाड्या दिसतात, आत घराघरांत हे चाललंय.

आणि पूर्वेतिहास विचारू नका. आपलं ते पोर आधी जेकिलबरोबर होतं. जेकिलचं घराणं तसं खानदानी. २००८ साली गिटहबच्या संस्थापकांपैकी एक, टॉम प्रेस्टन-वॉर्नर, वर्डप्रेससारख्या अवजड यंत्रांना कंटाळले आणि त्यांनी जेकिल लिहिला. त्याच वर्षी डिसेंबरात गिटहबनं ‘पेजेस’ नावाची फुकट जागा देऊ केली आणि जेकिल तिथं घरजावई होऊन राहिला. पण आपल्या पोराला तो जुनाट वाटायला लागला. मग आला गॅट्सबी. दिसायला झकपक, रिअ‍ॅक्टच्या घरचा. त्याच्यामागून नोड मॉड्यूल्स नावाचा जो लवाजमा घरात शिरला, त्यानं लॅपटॉपची डिस्क भरली. आईच्या लग्नाचे स्कॅन केलेले फोटो पेनड्राइव्हवर गेले, का? तर गॅट्सबीला जागा पाहिजे. दोन लेखांच्या साइटला हजारो फायली! २०२३च्या फेब्रुवारीत नेटलिफाय कंपनीनं गॅट्सबीला विकत घेतलं आणि नंतर त्या घरात फारशी हालचाल उरली नाही. मग पोरानं ह्यूगोला जवळ केलं. हा २०१३चा, स्टीव्ह फ्रान्सिया यांनी काढलेला, गो भाषेतला, एकच फाइल उतरवली की कामाला तयार, मागं लवाजमा नाही. आई आता खूश असेल म्हणाल, तर मी परवाच त्याच्या स्क्रीनवर आणखी एका जनरेटरचं, अ‍ॅस्ट्रोचं पान उघडं पाहिलं. मी काही बोलले नाही. पण पाहिलं ते पाहिलं.

मधल्या काळात इलेव्हंटीशीही काही तरी होतं असं बोळिंजवाला सांगतो. आणि झोला. ह्यूगो, झोला! फ्रेंच कादंबरीकारांची अख्खी पिढी राजोडीत उतरली आणि आम्हाला कुणी सांगितलं नाही. त्या झोलाचं तर आधीचं नाव गुटेनबर्ग होतं. वर्डप्रेसनं आपल्या नव्या संपादकाला तेच नाव दिलं म्हणून यानं बदललं. नावं बदलून फिरणाऱ्यांची ही संगत.

आता स्टॅटिक म्हणजे काय, हे मला नंदाखालच्या मुलीनं समजावलं. वर्डप्रेससारख्या साइटवर तुम्ही एखादं पान उघडलंत की तिकडचा सर्व्हर धावपळ करतो. डेटाबेसातून मजकूर काढ, साच्यात बसव, पान तयार कर, पाठव. प्रत्येकासाठी पुन्हा पहिल्यापासून. पाहुणा दारात आल्यावर चूल पेटवून केळी तळायला घ्यावीत तसं. स्टॅटिक म्हणजे आपली आगाशीची सुकेळी. राजेळी केळी पिकवली, सोलली, उन्हात वाळवली, पानात बांधून ठेवली. कोणी कधीही यावं, पुडी हातात ठेवावी, चूल थंडच. तुम्ही मजकूर साध्या फायलीत लिहायचा, जॉन ग्रुबर यांनी २००४ साली काढलेल्या मार्कडाउनच्या खुणांनी. शब्द ठळक हवा तर दोन चांदण्या अलीकडे, दोन पलीकडे. मग टर्मिनलमध्ये एक हुकूम सोडायचा. जनरेटर सगळ्या फायली साच्यांतून काढतो आणि साइटची तयार पानं एका फोल्डरात रचून देतो. तो फोल्डर गिटहब पेजेस, नेटलिफाय, क्लाउडफ्लेअर असल्या एखाद्या फुकट जागी चढवला की काम संपलं. डेटाबेसच नाही, त्यामुळं तो कोसळत नाही. लॉगिनचं पान नाही, त्यामुळं परवलीचा शब्द फोडायला कोणी येत नाही. पाऊस लागून नेट गेलं तरी घरबसल्या लिहा, बांधा, पाहा. नेट आलं की चढवा. खर्च म्हणजे वर्षाला डोमेनचे पैसे, बस.

हे एवढं ऐकल्यावर मला राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर बरंच वाटलं. शिस्तीचं काम दिसतंय, म्हटलं. आणि मग मी आमच्या आळीतल्या पोराला तो प्रश्न विचारला. साधाच होता. “लिहिलंयस काय, दाखव की.”

शांतता. पंख्याचा आवाज ऐकू यावा इतकी.

तर मंडळी, दोन-तीन वर्षांच्या या रात्रपाळीचं फलित असं: पहिला लेख, ‘नमस्कार, मी ब्लॉग सुरू करतोय’. दुसरा, ‘जेकिल सोडून गॅट्सबीकडे का आलो’. तिसरा, ‘गॅट्सबी सोडून ह्यूगोकडे का आलो’. चौथ्याचं नुसतं शीर्षक, ‘राजोडीची बावखलं’, आणि खाली इंग्रजीत ‘ड्राफ्ट: ट्रू’. बावखलांचं, म्हणजे वाड्यांतल्या त्या तळ्यांचं, काय झालं, ती कुणी बुजवली, कुठली उरली, याच्यावर या मुलाला लिहिता येईल; आजोबांच्या वाडीत बावखलाच्या पाण्यात पोहायला शिकलेला आहे. पण लेख ड्राफ्टमध्ये, बावखल भरावाखाली.

आगाशीच्या दोघांचीही तीच कथा. एकाच्या साइटवर लेख दोन आणि ‘मी काय वापरतो’ हे पान मात्र कीबोर्डाच्या बटणांपर्यंत इत्थंभूत. दुसऱ्याकडे तळाशी ओळ, ‘ही साइट अमुक जनरेटरनं, तमुक थीमनं, ढमुक फॉन्टात बांधली आहे’. ही ओळ त्याच्या सर्वांत मोठ्या लेखापेक्षा थोडीशीच लहान. आणि वेगाचा अभिमान तर काय वर्णावा! ह्यूगो म्हणे एक पान एका मिलिसेकंदाच्या आत बांधतो. अरे, पानं तीन! घाई कुणाला आहे? हाच ह्यूगो दहा हजार पानांच्या साइटी बांधून देतो आणि तुम्ही त्याला तीन पानांवर उभा करून टाळ्या वाजवता?

टाळ्यांवरून आठवलं. लाइटहाउस नावाची एक परीक्षा आहे, गूगलचीच. साइटचा पत्ता द्या, ती चार विषयांत गुण देते: वेग, सर्वांना वापरता येण्याची सोय, चांगल्या सवयी आणि शोधात सापडण्याची लायकी. चारी विषयांत शंभरपैकी शंभर मिळाले की पडद्यावर फटाके उडतात. खरंच उडतात, मी पाहिलेत. पोरानं आईला हाक मारून दाखवले. दहावीला गणितात काठावर सुटला होता तेव्हापासून माउली या क्षणाची वाट पाहत होती. तिनं देवापुढं साखर ठेवली. पाचवा विषय असता, ‘मजकूर’ नावाचा, तर फटाक्यांचा खर्च वाचला असता.

इथं मला भुईगावचा दगड आठवतो. याच पट्ट्यातलं, राजोडीपासून हाकेच्या नाही तरी रिक्षेच्या अंतरावरचं गाव. तिथं १९५६ साली सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्यात महाराज काय म्हणतात? लोक आजारपणात, लग्नात, मूल झालं की, प्रवासाला निघताना नाना विधी करतात. त्यातही बायका फार क्षुल्लक आणि निरर्थक विधी करतात. करावेत, पण त्यांचं फळ थोडं. बायकांचं नाव घेतलंत, महाराज, ठीक आहे, तेव्हा थीम बदलणारी पोरं नव्हती. रात्री साडेबारा वाजता डार्क मोडच्या बटणाला सूर्य द्यावा की चंद्र, या विधीला काय म्हणाला असतात? ग्राफिकवाल्या एका भाच्याला मध्यरात्री फोन करून करड्या रंगाच्या दोन छटांतली कुठली सात्त्विक, हे विचारणं कोणत्या मंगलकार्यात बसवाल?

बरं, हे विधी मराठीत करायचे म्हणजे तर छळच. मी एक संध्याकाळ त्या पोराशेजारी बसून पाहिलंय, म्हणून अधिकारानं बोलते. पहिलं, शीर्षकाचं प्रकरण. प्रत्येक फायलीच्या डोक्यावर तीन-तीन आडव्या रेघांच्या मधे शीर्षक, तारीख वगैरे लिहायचं असतं. त्यानं नुसतं चाचणीसाठी लिहिलं, ‘राजोडी: एक आठवण’. कोण मराठी माणूस शीर्षकात विसर्गासारखी ती दोन टिंबं देत नाही? पण ती टिंबं आणि पुढची मोकळी जागा दिसली की यॅमल नावाच्या त्या कारकुनाला वाटतं, इथून नवीन रकाना सुरू. लाल अक्षरांत बोंब. शीर्षक अवतरणचिन्हांत घातल्यावर कारकून शांत झाला. पाऊण तास गेला होता.

मग लेख बांधला आणि साइटवर दिसेचना. पुन्हा बांधला, पुन्हा नाही. ड्राफ्ट काढलं होतं, तपासून पाहिलं. शेवटी नंदाखालच्या मुलीला फोन. ती हसली. फायलीत वेळ संध्याकाळची घातली होती, पण भारताची म्हणून सांगितलं नव्हतं. ह्यूगो अशा वेळी ग्रिनिचची वेळ धरतो. ग्रिनिचला ती संध्याकाळ व्हायला अजून साडेपाच तास होते, आणि भविष्यातले लेख ह्यूगो मुळात बांधतच नाही. म्हणजे राजोडीतला माणूस आपल्याच घरात, आपल्याच वेळी लिहितो आणि ते यंत्र म्हणतं, हे अजून घडलेलं नाही! वेळेच्या पुढं अधिक साडेपाच लिहिल्यावर लेख अवतरला.

अवतरला, तर शीर्षक असं: अक्षरं सुटी, शिरोरेघ प्रत्येक अक्षराला तुटलेली. थीम अमेरिकेत शिवलेली. तिथं मथळ्याची अक्षरं जरा लांब-लांब ठेवण्याची टूम आहे. रोमनला शोभतं ते, देवनागरीला लावलं की रेघेचे तुकडे. शिवाय ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापाचं, त्यामुळं वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसलेले. थीमच्या त्या एका ओळीत अंतर शून्य केलं, दुसरीत उंची वाढवली, मग पान वाचण्याजोगं झालं. हे मात्र सांगते: मुंबईच्या ‘एक टाइप’वाल्यांनी केलेला ‘मुक्त’सारखा देखणा फॉन्ट फुकट मिळत असताना मराठी साइटी अजूनही संगणकाला जी सापडतील त्या अक्षरांत बसलेल्या दिसतात, त्यामुळं फॉन्ट निवडण्याचा विधी निरर्थक नव्हे. त्याला मी महाराजांसमोर पाठिंबा देईन. फायलीत भाषा ‘मराठी’ म्हणून सांगितली तर ज्या फॉन्टांत सोय आहे ते आपला मराठी वळणाचा ल आणि श दाखवतात, नाहीतर हिंदीचे येतात. पोरानं ते केलं तेव्हा मी पहिल्यांदा त्याच्या पाठीवर थाप मारली.

आणि मग पत्ता. पानाच्या पत्त्यात त्यानं हौसेनं ‘राजोडी’ लिहिलं. ब्राउझरात नीट दिसलं. तोच पत्ता उचलून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला तर टक्के, आकडे आणि रोमन अक्षरांची मालगाडी! का? तर देवनागरीचं प्रत्येक चिन्ह आत तीन बाइटचं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट तीन अक्षरांत लिहितात. र, काना, ज, ओकार, ड, वेलांटी, ही सहा चिन्हं. म्हणजे सहा नव्वे चौपन्न. आपलं तीन अक्षरी गाव चौपन्न डब्यांचं. विरार फास्टसुद्धा पंधरा डब्यांच्या पुढं जात नाही हो! ‘.भारत’ हे देवनागरी डोमेन २०१४पासून मिळतं. त्याचंही तसंच, वर आपण ‘भारत’ वाचायचं आणि आत यंत्रानं एक्स-एन आणि दोन आडव्या रेघांपासून सुरू होणारं रोमन जोडाक्षर बाळगायचं.

सगळ्यात खमंग किस्सा मात्र आगाशीच्या थोरल्याचा. साइट तयार झाली, लॅपटॉपवर दिसली, आनंदाच्या भरात त्यानं पत्ता घरच्या ग्रुपवर टाकला. दुबईची आत्या, पुण्याचा मामा, सगळ्यांना. पत्ता होता ‘लोकलहोस्ट, तेराशे तेरा’. आता, ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ह्यूगोनं तेराशे तेरा नंबरच्या दारावर दाखवलेली ती साइट फक्त त्याच यंत्रावर दिसते, ज्यावर ती बांधली. दुबईच्या आत्याच्या फोननं स्वतःच्याच पोटात शोधलं आणि काही नाही म्हणून सांगितलं. आत्यानं तरी ‘खूप छान, अशीच प्रगती कर’ असं लिहून दोन गुलाब टाकले. मामानं टाकले तीन. ग्रुपवर एकतीस जणांनी कौतुक केलं. साइट एकानंही पाहिली नव्हती.

आणि पाहिली असती तरी काय बोलले असते? कारण या स्टॅटिक साइटींना प्रतिक्रियांची खिडकीच नसते! डेटाबेस नाही, मग लोकांचं म्हणणं ठेवणार कुठं? बाहेरची एखादी सेवा जोडता येते, पण पंथातले कट्टर लोक ते कमीपणाचं मानतात. किती लोक येऊन गेले, त्याची मोजणीही नको म्हणतात. म्हणजे माणसानं लिहायचं, दार उघडं ठेवायचं, आणि कोण आलं, काय म्हणालं, कुणाला झोंबलं, हे कळूनच घ्यायचं नाही. मी विचारते, मग लिहायचं कशाला? माझ्यासारख्या बाईला हे सगळ्यांत लाजिरवाणं वाटतं. चर्चा नको म्हणणारा माणूस गावात राहिलाच कसा?

यावर नंदाखालची मुलगी जे बोलली, त्यावर मात्र मला तोंड मिटावं लागलं. ती म्हणाली, “मावशी, तुमच्या पिढीनं लिहिलं ते कुठंय?”

कुठंय खरंच? २०१०च्या आसपास मराठीत ब्लॉगची अशीच साथ होती. स्टार माझा वाहिनीनं ‘ब्लॉग माझा’ स्पर्धा घेतली, ऑफिसातल्या साहेबापासून गृहिणीपर्यंत सगळे लिहीत होते. त्याआधी काहींनी जिओसिटीजवर घरं बांधली होती. याहूनं २००९च्या ऑक्टोबरात ती वसाहत पाडली. याहू ३६० त्याच वर्षी गेलं. ऑर्कुट २०१४च्या सप्टेंबरात. गूगल प्लस २०१९च्या एप्रिलात. प्रत्येक वेळी मालक सांगतो, अमुक तारखेपर्यंत सामान उचला, आणि आपण लग्नसराईत असतो. माझ्या ओळखीच्या एक बाई वसईच्या जुन्या पाककृती लिहायच्या, फोटोंसह. आज त्यांच्या पानाच्या जागी रिकामी पाटी आहे. बाई म्हणतात, आता पुन्हा कोण लिहिणार.

ही फायलीवाली पोरं इथं जिंकतात, हे कबूल केलं पाहिजे. त्यांचं लिखाण साध्या मजकुराच्या फायलीत, आपल्या कपाटात. गिटहबनं उद्या दुकान बंद केलं तर फोल्डर उचलून दुसरीकडे. आणि गिट ही चीज अशी की साइटची जी जी प्रत कुठं उतरवली असेल, ती प्रत्येक प्रत पूर्ण असते, पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या बदलांसकट. लायनस टोर्वाल्ड्स यांनी २००५ साली ते केलं म्हणतात. कल्पना मात्र आमच्याकडची जुनी आहे. सोपाऱ्याला भगवानलाल इंद्रजींना १८८२ साली अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा मिळाला. तुकडाच, बाकीचा दगड गेला. मग लेखात काय होतं ते आपल्याला कसं कळतं? कारण तोच मजकूर महाराजांनी गिरनारला कोरून ठेवला होता, काल्सीला होता, शाहबाजगढीला होता. सोपाऱ्याचा सर्व्हर पडला, गिरनारचा उभा. आठव्या लेखात, जाता जाता सांगते, पूर्वीचे राजे मौजेच्या सहलींना, शिकारीला जात आणि मी मात्र धर्मयात्रा सुरू केली, असं आहे. राजोडीच्या किनाऱ्यावर शनिवारी येणाऱ्या गाड्यांना वाटायला त्याची एखादी प्रत अजून कोरून घ्यायला हरकत नाही.

पण महाराजांचं एक ध्यानात घ्या, पोरांनो. त्यांच्याकडे आधी मजकूर होता. चौदा लेख होते. दगड कुठला गुळगुळीत, छिन्नी कुठल्या गावची, अक्षरांतलं अंतर किती, यावर त्यांनी पंधरावा लेख कोरलेला नाही. आणि लांब कशाला जा? नंदाखालचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो. १९८३पासून २००७पर्यंत ‘सुवार्ता’ मासिक सांभाळलं, हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले, अख्खं बायबल सुबोध मराठीत आणलं, उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांची थीम कुठली होती, कुणाला आठवतंय?

मला या हौसेचा राग नाही, हो. घर बांधायची हौस असते माणसाला. वाडा बांधून त्यात राहायला न जाणारे लोक आमच्या आळीत आहेत, त्यांना आम्ही काही म्हणत नाही. जनरेटरशी खेळायचं असेल तर खुशाल खेळा, त्यातून नोकरीत चार गोष्टी जास्त येतील, रात्री घरात तर बसाल. फक्त त्याला ‘मी लिहितो’ म्हणू नका. लग्नाच्या बायोडेटात ‘छंद: लेखन’ आणि खाली साइटचा पत्ता, असा प्रकार मी नुकताच वाचला. मुलीकडच्यांनी पत्ता उघडला. लेख तीन. मुलीच्या वडिलांनी मला फोन करून विचारलं, “हे सारखं सोडून दुसरीकडे जातात, असं स्वतःच लिहिलंय. स्थिर आहेत ना?” मी म्हटलं, साइट स्थिर आहे. मुलाचं नक्की सांगता येत नाही.

आता ताजी बातमी, आणि ही माझ्याकडून कळली असं कुठं बोलू नका. अ‍ॅस्ट्रोचं ते प्रकरण खोटं निघालं. नुसतं पाहणं होतं. झालंय ते त्याच्याहून भयंकर. पोरानं काल आईला सांगितलं की बाजारातला एकही जनरेटर आपल्या मराठीला नीट न्याय देत नाही. तारखा, पत्ते, शिरोरेघा, सगळ्यांत अडचण. म्हणून आता तो स्वतःचाच जनरेटर लिहायला घेतोय. पायथनमध्ये. दीडशे ओळींत होईल म्हणाला. नाव काय ठेवायचं, यावर नंदाखालच्या मुलीबरोबर रोज फोनवर तासभर चर्चा चालते.

आईनं विचारलं, “आणि बावखलांचं?”

“ते जनरेटर झाला की.”

माउली आली होती सकाळी, पण यावेळी काळजीत नव्हती. म्हणाली, लेख गेला खड्ड्यात, तासभर फोन चालतो ना रोज, चालू दे. मुलगी कुणाची, घर कसं, जरा चौकशी कराल का?